म्हशीच्या कार्डावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या घरी सुरे, किसण्या, ग्राइंडर आणि स्कूटर यांची पूजा होते. मी धारवाडला सप्तापुरात विद्यार्थ्यांची मेस चालवते, त्यामुळे हत्यारांची कमी नाही. या वर्षी त्यांच्या रांगेत मुलीची कार्डांची गड्डी येऊन बसली.

ही कार्डं रमीची नव्हेत. जमवायची, अदलाबदल करायची आणि समोरासमोर बसून खेळायची. प्रत्येक कार्डावर एखादा प्राणी, राजा किंवा राक्षस असतो. खाली त्याची ताकद आणि त्याला डावात उतरवायला काय खर्च येतो ते छापलेलं असतं. मुलगी कॉलेजात आहे आणि रविवार यातच घालवते. दसऱ्यानंतरच्या रविवारी हुबळीत स्पर्धा होती. जिंकेल त्याला बंगळूरच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती आणि तिला ती हवी होती. गड्डी तयार होती, फक्त शेवटचं एक कार्ड ठरत नव्हतं. त्यावरून आमचं आठवडाभर वाजत होतं.

एक होती म्हैस. चिखलात उभी. चित्रकारानं म्हैस जवळून पाहिली नसावी, शिंगं सरळ बैलाची काढली होती. पण ती स्वस्तात उतरते आणि उभी असेपर्यंत मागच्या कुणाला मार बसू देत नाही. दुसरी होती तळ्यावरून चालणारी राणी. काळंनिळं पाणी, त्यात विरघळत गेलेला पदर. राणीनं तोंड फिरवलेलं, पण पाण्यातलं तिचं प्रतिबिंब थेट आपल्याकडे बघतं. चित्राला नाव ठेवायला जागा नव्हती. खेळात मात्र ती महाग, आणि उतरल्यावर दोन खेळ्या काहीच करत नाही.

"म्हैस घे," मी म्हटलं. "येते आणि कामाला लागते. ही बाई नुसती उभी राहणार."

"आई, तू कार्डाकडे वांगी निवडल्यासारखी बघतेस."

"मग काय ओवाळू तिला?"

"चित्राचंही काही असतं."

"चित्र खेळतं का?"

शेवटी तिनं म्हैस घेतली. गड्डीची जुनी प्लास्टिकची पाकिटं काढून टाकली. नवी चढवायची म्हणून कार्डं तशीच उघडी ठेवली, म्हैस सगळ्यांत वर. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, "तुझं काय हत्यार असेल ते आण गं."

त्यांनी सुऱ्यांना लावलं तसंच गड्डीला हळदकुंकू लावलं, वर पाण्यातून काढलेलं झेंडूचं फूल ठेवलं. आमच्याकडे पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नाहीत. मेससुद्धा बंद असते. मुलगी सरावासाठी तळमळत होती. सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस न खेळल्यानं हात झडत नाहीत." मलाही रिकामं बसवत नव्हतं. धुतलेले डबे मी परत धुतले.

सकाळी फूल उचललं तर खाली म्हैस फुगलेली. कपाळावर लाल डाग आणि एक कोपरा पापडासारखा वर आलेला. खालची कार्डं कोरडी होती.

"कुंकवानं काय होतंय, पुसून घे," सासूबाई म्हणाल्या. मुलीनं म्हशीला नवं पाकीट चढवलं आणि मला म्हणाली, "चालतंय का बघू."

नाही चाललं. हुबळीच्या हॉलमध्ये पंचानं गड्डीवरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटून म्हैस काढून दिली. "आगल्ल, अक्का," तो मला म्हणाला. होणार नाही. पाठीवरून कार्ड ओळखू आलं तर ते बाद. "आमच्या घरी पण पूजा असते. पण कार्डं कपाटात."

दुसरी म्हैस मिळेना. मुलीनं बॅगेतून राणी काढली. माझ्याकडे बघितलंच नाही.

मी खुर्चीत टिकले नाही. पाणी प्यायले, बाहेर जाऊन मेसला फोन केला, सांबारात मीठ टाकलंय का विचारलं, परत आत आले. मुलगी जिंकत गेली. राणी एकदाही हातात आली नाही, ती आली शेवटच्या फेरीत. समोर इंजिनीअरिंगचा एक उंच विद्यार्थी होता. त्याच्याकडे वणव्याचं कार्ड आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ते काहीही जाळतं, पण एकदाच. मुलीकडे एक गेंडा होता आणि तो जळला की तिचं संपलं. गेंड्याला आडोसा देणारी म्हैस माझ्या पर्समध्ये होती.

मुलीनं आधी राणी उतरवली. विद्यार्थ्यानं कार्ड स्वतःकडे फिरवून बघितलं. पुढची खेळी केली, पुन्हा बघितलं. मग वणवा राणीवर टाकला. मुलीनं गेंडा उतरवला आणि खेळ जिंकला.

हात मिळवून झाल्यावर मी त्याला विचारलं, "ती तर अजून काहीच करत नव्हती. तिच्यावर कशाला घालवलंस?"

"माहितीये आंटी," तो म्हणाला. "पण ती सारखी बघत होती."

धारवाडच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली. मी म्हटलं, "बंगळूरला म्हैस घे. तिथले असे घाबरणार नाहीत."

"राणीच घेणार."

"एकदा जमलं म्हणून?"

"आई, तू पण तिला सारखी बघत होतीस."

मी तिकिटं पर्समध्ये टाकली. घरी सासूबाई दारातच म्हणाल्या, "पूजा पावली बघ." मी म्हैस बाहेर काढली, दोन वर्तमानपत्रांमध्ये घातली आणि वर वरवंटा ठेवला. बंगळूरला अजून वेळ आहे. रोज सकाळी उचलून बघते. कोपरा बराच खाली बसलाय.