लहान टेबलावरची आत्या

डेल्फा आत्या पन्नाशीला आली तरी थँक्सगिव्हिंगच्या सणाला पोरांबरोबरच जेवायची. अमेरिकेत, आमच्या नेब्रास्कातल्या घरी नियमच तसा होता. लग्न झालेली माणसं मोठ्या टेबलावर, आणि बाकी सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी मांडलेल्या घडीच्या टेबलाभोवती. आत्यानं लग्न केलं नव्हतं. ती शाळेची बस चालवायची, तिचं स्वतःचं घर होतं आणि पहाटे उठून सणाचा अख्खा टर्की पक्षी भाजायचीही तीच. जेवताना मात्र बुटक्या स्टुलावर अंग आवळून बसायची.

आत्या मत्सरी होती आणि ते लपवायचा त्रासही घेत नसे. माझी चुलतबहीण एकोणिसाव्या वर्षी लग्न करून थेट मोठ्या टेबलावर गेली, तेव्हा रताळ्यांवर मार्शमेलोच्या मऊ गोड वड्या पसरता पसरता आत्या म्हणाली, "नवऱ्याला बुटाची नाडी बांधता येत नाही धड, पण बाईसाहेबांना खुर्ची मिळाली!" मोठ्या टेबलावर जेवणाआधी प्रत्येक जण आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगतो. लहान टेबलाला कुणी विचारत नाही. तिच्या पोटात खरं दुखायचं ते तिथं.

आजोबा गेले त्या वर्षी मोठ्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी झाली. आत्या नवा निळा ब्लाउज घालून आली. टर्कीवर रस सोडताना तिची नजर सारखी त्या खुर्चीकडे जात होती. सगळे जमल्यावर आजीनं माझ्या धाकट्या काकाला हाक मारली, "ट्रेंट, तुझ्या मैत्रिणीला इथं बसव."

ही मैत्रीण, ब्रिन, त्याला भेटून जेमतेम महिना झाला होता.

आत्या ताट घेऊन अर्ध्या वाटेत उभी होती. "आई, लग्न झालंय का यांचं?"

"होईल की."

"आणि मी?"

"तू तिकडे बस गं. पोरांना मांस कोण कापून देणार?"

"मी बसते ना तिकडे," म्हणत ब्रिन उठायला लागली, तर आजीनं तिचा खांदाच दाबला.

आत्या लालबुंद होऊन आत गेली. आम्हाला वाटलं, आता रडणार. ती बाहेर आली ती अख्खी टर्की घेऊन. मोठ्या टेबलाला वळसा घालून तिनं ती आमच्यापुढे ठेवली. टेबल करकरलं.

"टर्की इथं आहे," ती म्हणाली. "हवी त्यानं इकडे यावं."

मोठ्या टेबलावर रताळी, पाव आणि डब्यातून तसाच्या तसा काढलेला क्रॅनबेरीच्या आंबटगोड जेलीचा लाल गोळा तेवढा उरला. पहिले आले माझे बाबा, हसू दाबत. मग ब्रिन, मग एकेक करून सगळे वाढून घेऊन गेले. आजी हटून बसली. तिनं रताळी खाल्ली, पाव खाल्ला, आणि शेवटी ताट घेऊन उठली.

"तंगडी उरलीय का?"

"तुझ्यासाठीच ठेवलीय. बस ना."

आत्यानं तिला आपल्या स्टुलावर बसवलं, तंगडी वाढली आणि हातात सुरी दिली. "पोरांना कापून दे," म्हणाली. मग आपलं ताट उचलून मोठ्या टेबलाशी गेली आणि आजीच्याच खुर्चीत बसली.

"अगं, ती माझी खुर्ची आहे!" आजी ओरडली.

"माहीत आहे," आत्या म्हणाली, आणि इतकी सावकाश जेवली की मांस कापून कापून आजीचे हात दुखले.