आईच्या तागाच्या मुळांवरच्या गाठी

मंडळी, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

सेलूजवळच्या आमच्या रानात पुतण्या खतासाठी पेरलेला ताग नांगरून गाडायलाय. मी एक रोप उपटलं, तर मुळांवर गाठीच गाठी.

पुतण्या म्हणाला, "काका, ह्या गाठीत जिवाणू ऱ्हातेत. हवेतलं नत्र धरतेत. आता मागून ज्वारी बघा कशी येती!"

रोप हातात धरून मी बांधावर बसलो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आईनं माहेराहून बी आणून असाच ताग पेरला होता. आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, ह्याच गाठी पाहिल्या. रोग समजून सगळा ताग उपटून जाळला. "तुझ्या हातानं रानाला रोग लागला," म्हणाले. त्यानंतर तिफणीमागं चाड्यात बी सोडायला आईला कधीच बोलावलं नाही. ती लांब बांधावर उभी राहून पेरणी बघायची.

रोप घेऊन तसाच घरी आलो. आई आता थकलीय, बरंच विसरते. म्हणालो, "आई, त्यो रोग नव्हता गं. तुझा हात चांगलाच होता."

तिनं गाठी चाचपल्या आणि रोप झटकन पदराखाली लपवलं.

"हळू बोल, मामंजी ऐकतील."

आजोबांना जाऊन जमाना झाला. रोप अजून तिच्या पदराखालीच हाय. तुमीच सांगा, तिला काय सांगू?