हक्काचा चहा

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या पार्कात एक काका रोज दिसायचे. वॉकर बाकाला टेकवून थर्मासमधला चहा ओतायचे. हात इतका थरथरायचा, की अर्धा सांडायचा.

"सून देते वाटतं करून?" मी एकदा विचारलं.

"छे, मीच करतो. इन्शुरन्सवाल्यांनी विचारलं, सांभाळायला बाई पाठवू की घरच्यांना कॅश देऊ? सुनेनं नोकरी सोडून कॅश घेतली. करते हो प्रेमानं. पण पूर्वी हक्कानं म्हणायचो, 'चहा टाक गं.' आता तिला माझं करायचे पैसे मिळतात ना, मागितलं की नोकराला हुकूम सोडल्यासारखी लाज वाटते."

आईला सांभाळायची कॅश मीही घेते. मान खाली घालून घरी आले, तर आई भिंत धरून सिंकपाशी कप विसळत होती.

"अगं आई, मी येईपर्यंत थांबायचं ना!"

"असू दे. तुझ्या कामाच्या वेळेबाहेर कशाला त्रास?"