रोज एक चूक

आमचा मामा वेल्डर. वेल्डर मंडळींचा ऑनलाइन ग्रुप त्यानेच काढला. मेंबर आठशे, पण सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले. "काही अडचण असेल तर विचारा" असं लिहिलं की दोन अंगठे यायचे, त्यातला एक मामीचा.

एकदा घाईत त्याने फाटकाच्या बिजागरीचा जोड उलटा शिकवला, आणि तासाभरात नव्वद जण अंगावर धावून आले. "अक्कल गहाण टाकलीस का?" "ही वेल्डिंग की कबुतराची शीट?" मामा जाम खूश. तेव्हापासून रोज मुद्दाम एक चूक. शिव्यांमधून खरी पद्धत बाहेर यायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा चूक कबूल करायचा.

मंगळवारी त्याने लिहिलं, "पेट्रोलची टाकी गळते? रिकामी करा आणि थेट वेल्डिंग मारा." एका पोराने पोस्ट वाचली, खालच्या शिव्या वाचल्याच नाहीत. टाकी फुटली. पत्रा तोंडात घुसला, डोळा गेला.

बुधवारी सकाळी त्या पोराचा थोरला भाऊ, तोही वेल्डर, घण घेऊन दुकानात शिरला. दांड्याच्या पहिल्याच फटक्यात मामाचे दोन दात जमिनीवर. मामी मध्ये पडली, ती कपाटावर आदळली.

"ग्रुप बंद कर! नाहीतर हात ठेव ऐरणीवर."

मामा रक्त थुंकला. "ती पोस्ट तीनशे जणांनी वाचलीय. ग्रुप बंद केला तर त्यांना खरं कोण सांगणार? तुझा बाप?"

मार खातानाही जीभ सरळ नाही! आणि मामाने आपणहून उजवा हात ऐरणीवर ठेवला.

घण पडला. बोटं सुक्या काटक्यांसारखी मोडली. मामी किंचाळली. घण पुन्हा वर गेला, तसा मामाने डाव्या हाताने फोन पुढे केला. "आधी मला रेकॉर्ड कर. मग उरलेली घे."

भावाने एक सणसणीत शिवी हासडली, पण फोन धरला.

"टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते," मामा फुटक्या ओठांनी बोलू लागला. "तीच फुटते. आधी धुवायची, परत धुवायची. मग पाणी भरायचं, झाकण उघडं ठेवायचं. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. एकाचा डोळा गेला, तो माझ्यामुळे."

"पाणी किती?" फोनमागून भाऊ ओरडला.

"जोडाच्या जरा खालपर्यंत."

"जरा म्हणजे किती? नीट सांग, भडव्या!" त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "माझा भाऊ बघेल ना हे."

मामाने मोडका हात पोटाशी धरला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.