सिनेमातला रंधा

सुताराने चाळीस वर्षं लोकांची दारं बसवली. त्यातलं एकही दार बसताना त्याच्या बायकोने पाहिलं नव्हतं. ती घरी मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. त्याच्या कामातलं तिच्या वाट्याला आलं ते फक्त शर्टातला भुसा झटकणं आणि पाठीला तेल चोळणं.

म्हणून थोरल्या भावाची मुलगी ठमी येऊन म्हणाली, "काका, एका सुतारावर सिनेमा लिहितेय. घरबसल्या टीव्हीवर दिसेल," तेव्हा तो वरवर नुसतं "बरं" म्हणाला. मनात म्हणाला, आता बायकोला कळेल आपण दिवसभर काय करत होतो.

ठमी आठ दिवस त्याच्या कामावर आली. त्याने तिला दार बसवून दाखवलं. बिजागरीची खाच पटाशीने कशी काढायची, दार अर्ध्यात सोडलं तर तिथंच कसं थांबलं पाहिजे, सगळं. दाराच्या वरच्या कडेला रोगण लावताना तिने विचारलं, "तिथं कोण बघणार?"

"कुणी नाही. पण पाणी तिथूनच शिरतं. दार फुगलं की मग सगळे बघतात."

तिने ते वहीत उतरवून घेतलं.

जाताना तिने सिनेमासाठी रंधा मागितला. तिसाव्या वर्षी घेतलेला तो रंधा त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. तिला दिला. अख्खी सकाळ बसून पात्याला धार लावली, पिशवीत कुणाचा हात कापू नये म्हणून ते वेगळं तेलकट कागदात गुंडाळलं आणि वर दोऱ्याची आपली दुहेरी गाठ मारली. पातं कसं चढवायचं ते दोनदा सांगितलं.

सिनेमा लागला त्या रविवारी जेवणं आटोपून दोघं टीव्हीसमोर बसली.

पडद्यावर सुतार झालेला हिरो रंधा मारत होता. रंध्याखालून लाकडाची एक साल सुटेना. इकडे सुताराला वाटलं, पातं कमी काढलं असेल. तेवढ्यात हिरोचा मित्र आला आणि म्हणाला, "अरे, तू रंधा मारतोयस!"

"आंधळा आहे का तो?" बायको म्हणाली.

मग गाणं लागलं. गाणं संपलं तेव्हा दार चौकटीत उभं होतं.

"एवढंच होय?" बायको हसली. "आणि रोज पाठ दुखते म्हणून माझ्याकडून तेल चोळून घेत होतात!"

शेवटी हिरो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "जिथं कुणी बघत नाही, पाणी तिथूनच शिरतं." कॅमेरा उंच गेला आणि त्याच्या मागे ते दार वरून दिसलं. वरची कड ठणठणीत कोरडी, बिनरोगणाची.

आपलंच वाक्य ऐकून सुताराला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

चार दिवसांनी ठमी रंधा परत करायला आली. "काका, आवडला ना? तुमचं वाक्य सगळ्यांना आवडलं."

"तो मित्र सगळं बोलून का दाखवतो?"

"लोक कामं करत करत बघतात हो. नुसतं ऐकूनही कळलं पाहिजे. एवढं बारीक कुणी बघत नाही."

त्याने पिशवीतून रंधा काढला. पातं नसलेला. खालून पात्याची तेलकट कागदातली पुडी निघाली. ती त्याने उलटीसुलटी केली आणि बायकोपुढे धरली. त्याचीच दुहेरी गाठ, तेल पिऊन घट्ट बसलेली. कुणी सोडलीच नव्हती.

बायकोने मशीनचं पायडल थांबवलं. गाठीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"हिरोच्या हाताला लागलं असतं," ठमी म्हणाली. "आणि कॅमेऱ्यात काय कळतंय? बरं काकू, पुढचा सिनेमा शिवणकाम करणाऱ्या बाईवर आहे. आठ दिवस तुमच्याकडे येऊन बसू का? तुम्ही इतकं सुरेख शिवता."

बायकोने मशीनवरचा अर्धा शिवलेला झगा घडी करून मांडीखाली सारला.

"मी?" ती म्हणाली. "मी नुसती बटणं लावते गं. मला कुठलं येतंय शिवायला."

सुताराने पुडी खिशात घातली. तोही म्हणाला, "हो. बटणंच लावते ती."