चौदा मोटारींचा डीपी

जळालेली पाण्याची मोटार प्रतिभाला नाकानंच कळायची. पेठेत तिच्या वडिलांचं, सयाजींचं, वाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आली की ती तांब्याच्या तारेचे वेढे घालायला बसायची. लग्न होऊन पिंपरी पेंढारला आली, नवरा भरत चाकणला कंपनीत लागला, आणि तिनं रस्त्याकडेच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. मोटारी जळत, तेव्हाच तिचं दुकान चाले.

त्या उन्हाळ्यात मळ्यातला डीपी, म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, महिन्यात दोनदा जळाला. त्याच्यावर चौदा मोटारी. प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो लावलेला, म्हणजे लाईट आली की कुणी बटण न दाबता मोटार आपोआप सुरू. सगळ्या एकाच क्षणी उठत आणि डीपीचा जीव जाई. दुसऱ्यांदा नवा डीपी यायला नऊ दिवस लागले. फुलावर आलेले टोमॅटो वाळून गेले.

तेव्हा प्रतिभानं चौदा जणांना देवळापुढं बोलावलं. "ऑटो काढा, कपॅसिटर लावा, म्हंजे मोटार लाईट कमी ओढंल. सात मोटारी सकाळी, सात दुपारी, अन् त्या बी दोन-दोन मिनिटं सोडून. न्हाईतर हा पण डीपी जळंल."

तिचा चुलत दीर कुंडलिक हसला. "वहिनी, मोटारी जळल्या न्हाईत तर तुमी खाणार काय?"

रात्रभर तिलाही तेच टोचलं होतं. "ते माझं मी बघीन, भावजी," एवढंच ती म्हणाली.

माना डोलल्या. कुंडलिकनंही हो म्हटलं. त्याची पाळी दुपारची ठरली.

पहिल्या दिवशी साडेआठला लाईट यायची होती. प्रतिभा सातपासून बांधाबांधानं फिरून स्टार्टरची एकेक पेटी उघडून बघत होती. बारा ऑटो काढलेले होते. तेराव्या ठिकाणी राहिलेला तिनं मालकाला, जानकूला, उभं करून काढायला लावला. कुंडलिकच्या विहिरीवर पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. पेटीला कुलूप. तिनं फटीतून पाहिलं. ऑटो जागच्या जागी होता.

कुंडलिक माल घेऊन नारायणगावला गेलेला. तिनं फोन लावला. बाजाराच्या गलक्यात तो ओरडला, "एका मोटारीनं काय हुतंय? किल्ली माझ्याजवळ हाय!" फोन बंद.

एकटीनं डीपी जळला नसता कदाचित. पण कुंडलिकची मोटार वाजली की दुपारच्या पाळीचे बाकीचे सहा जण बघत बसणार नव्हते, हे ती ओळखून होती. पलीकडच्या बांधावर दोघं आत्ताच कान देऊन उभे होते.

"काय झालं गं?" शेणाची पाटी घेऊन आलेल्या ठकूबाईनं, कुंडलिकच्या आईनं, विचारलं.

"नानी, ऑटो काढला न्हाई भावजींनी. अन् किल्ली बी घेऊन गेलेत."

म्हातारी पाटी टाकून गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. "हो बाजूला."

"नानी, भावजी चिडतील."

"माझी टोमॅटोची झाडं वाळली तवा कुणी चिडलं व्हतं का?"

तिसऱ्या घावाला कोयंडा निघाला. आठ सत्तावीस. हात आत असताना लाईट आली तर संपलंच. प्रतिभानं आधी मेन स्विचचा दांडा खाली ओढला, टेस्टर लावून पाहिला, तेव्हाच बोटं आत घातली. घामानं पकड सरकत होती. ऑटोच्या दोन वायरी सुटल्या आणि तेवढ्यात पलीकडच्या खांबावरून गुणगुण सुरू झाली.

लाईट आली होती.

ती तशीच डीपीकडं धावली. एक मोटार उठली. मग दुसरी. ठरल्याप्रमाणं दोन-दोन मिनिटं सोडून सातवी उठली. आता आठवी? आठवी उठली नाही. डीपीशेजारच्या जानकूच्या पेटीतला व्होल्टमीटर तीनशे नव्वदवर थांबला. गेल्या महिन्यात तो तीनशेवर तडफडत असायचा.

कुंडलिक अकराला आला तो तणतणतच. तुटलेला कोयंडा बघून त्यानं आईकडं पाहिलं. ती शेणी थापत राहिली. साडेबाराला त्याची पाळी आली. पाटात पडणारी जाड धार पाहून त्यानं दोनदा तिच्यात हात घालून बघितला. माफी त्यानं मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी कपॅसिटर लावून घ्यायला निरोप धाडला.

पावसाळ्यापर्यंत डीपी टिकला. प्रतिभाच्या दुकानात मात्र अख्ख्या मे महिन्यात तीनच मोटारी आल्या. भरतनं फोनवर विचारलं, "पस्तावलीस का?"

"कधीकधी," ती खरं ते बोलली. मग पंख्यांचं, मिक्सरचं वाइंडिंग करायला घेतलं.

जूनमध्ये बोरी बुद्रुकहून सुभाष नावाचा अनोळखी माणूस मोटारसायकलवर आला. त्यांच्या डीपीवर एकवीस मोटारी होत्या. "ताई, आमच्यात कुणी कुणाचं ऐकत न्हाई. तुमी येता का?"

तिनं टेस्टर पिशवीत टाकला आणि विचारलं, "तुमच्यात सगळ्यात जास्त कोण आडवं येतं? आधी त्याच्याच घरी जाऊ."