सत्यशीला पळते

मराठीत बाईने फिरायला जावं, चालायला जावं, हवं तर बागेत हात वर करून मोठमोठ्याने हसावं. कुणाची हरकत नसते. पळायला मात्र जाऊ नये. पुरुष पळाला तर तब्येत कमावतो, बाई पळाली तर घर सोडते. हे व्याकरण मी केलेलं नाही. मी बिबवेवाडीतल्या एका लहानशा कंपनीत हिशेब बघते आणि कुणी ‘मी बोलली’ म्हटलं की ‘म्हणाले’ असं तिथल्या तिथे सुधारते. त्यामुळे ऑफिसात माझ्याशी गप्पा मारायला फारसं कुणी येत नाही आणि माझं काम वेळेवर होतं.

आमची कंपनी दुधाची फॅट मोजायची मशीनं विकते. विकायला सगळेच तयार असतात. गावोगावच्या डेअरीत जाऊन ती बसवायची, बिघडली की नीट करायची, चेअरमनपासून म्हशीच्या मालकापर्यंत सगळ्यांची बोलणी खायची, ही फिरती मात्र सत्यशीला ओव्हाळकडे. वय चौतीस, राहायला येरवडा. घरी नवरा आनंद, सहावीतली दीक्षा आणि सासूबाई हिराबाई. हिराबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि त्यांना आलेला प्रत्येक फोन सगळ्या गल्लीला येतो.

सत्यशीला शाळेत असल्यापासून पळते. वडील गेले, नोकरी धरली, लग्न झालं, मूल झालं, तेव्हा पळणं सुटलं. दीक्षा शाळेत जायला लागल्यावर एका पहाटे ती उठली आणि तुरुंगाच्या भिंतीकडेचा रस्ता धरून पुन्हा पळायला लागली. चहाच्या टपरीवरून पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं, “ओ ताई, आतून पळालात काय?” ती न थांबता म्हणाली, “हो, तुमची जागा मोकळी करून ठेवलीय.” मला हे तिनेच सांगितलं आणि तेव्हापासून ती मला आवडते.

फिरतीवर तर ती पळणं अजिबात चुकवत नाही. लॉजवर गेल्यावर लोक गरम पाणी आहे का विचारतात. ही विचारते, शटर किती वाजता उघडता? सहा म्हणाले की दुसरं लॉज. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, कुत्र्यांसाठी मुठीत बिस्किटं. पळायचं ते पहाटेच, कारण सकाळचं दूध यायला लागलं की दिवस डेअरीचा, संध्याकाळी पुन्हा दूध, रात्री घरचे फोन. “ताई, तेवढा एक तास मी कुणाची मॅडम नसते, कुणाची आई नसते,” ती एकदा म्हणाली. मला तिचा हेवा वाटला. माझा तसा एकही तास नाही.

आता आमचे साहेब. अनिरुद्धसाहेबही पहाटे उठून तळजाईच्या टेकडीवर जातात. पण ते पळत नाहीत, ‘रनिंग’ करतात. केबिनमध्ये मॅरेथॉनची पदकं ओळीने टांगलेली आहेत आणि नवीन माणूस आला की त्याला आधी ती बघावी लागतात, मग कामाचं बोलता येतं.

गेल्या महिन्यात सत्यशीला एका आडगावच्या डेअरीवर गेली होती. मशीन आदल्या संध्याकाळी बसवून झालं होतं, सकाळच्या दुधाला फक्त हजर राहायचं होतं. डेअरीचे सचिव धोंडिबा तिला न्यायला जरा लवकरच निघाले, तर त्यांना मॅडम कालव्याच्या कडेने पळताना दिसल्या. त्यांनी हाक मारली. तिने हात केला आणि पुढे गेली. बिचारे घाबरले. मशीनवर साहेबांचा नंबर चिकटवलेला असतो, तो त्यांना पाठ होता. त्यांनी फोन लावला. साहेब तेव्हा तळजाईच्या चढावर होते. दोन वाक्यांत रेंज गेली.

साहेबांना कळलं ते एवढंच: मॅडम पळाल्या.

त्यांनी सत्यशीलाला फोन केला. तिचा फोन लॉजच्या खोलीत चार्जिंगला होता. मग या शहाण्या माणसाने, दहा मिनिटं दम न धरता, ऑफिसात घरचा म्हणून लिहिलेला हिराबाईंचा नंबर लावला. येरवड्यात नळाला पाणी येण्याची वेळ. सगळ्या बायका कळशा घेऊन बाहेर. आणि स्पीकरवरून साहेबांचा आवाज, “काकू, मन घट्ट करा. तुमची सून पळाली.”

सत्यशीला वेळेत डेअरीवर पोचली, सकाळचं दूध वेळेत मोजलं गेलं, मशीन ठणठणीत चाललं. पण दोन दिवसांनी ती घरी पोचेपर्यंत दीक्षाला शाळेच्या वाटेवर विचारून झालं होतं, “तुझी आई पळून गेली होती ना? परत का आली?” पोर त्या रात्री जेवली नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसांना एवढा वेळ कुठून मिळतो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी सहीचे कागद घेऊन आत गेले होते आणि बाहेर यायचं विसरले.

“माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे,” साहेब म्हणाले. “पण...”

साहेबांचा विश्वास ‘पण’च्या पुढे सहसा जात नाही.

“पण बोभाटा झाला. कंपनीच्या नावाचा प्रश्न आहे. फिरतीवर असताना हे बंद करा. पुण्यात काय करायचं ते करा. नाही जमत, तर फिरती विक्रीतल्या साईला देऊ. तुम्ही इथे बसा, पंख्याखाली.”

“फिरती सोडणार नाही,” सत्यशीला म्हणाली. “पळणंही सोडणार नाही.”

“दोन्ही कसं चालेल?”

“आजवर चाललंच आहे. मशीनची तक्रार आली का कुठली?”

“मशीनचा प्रश्न नाहीये. धोंडिबांनी स्वतः मला सांगितलं, मॅडम पळाल्यात म्हणून. त्यांच्या मनात असं आलंच कसं? काहीतरी दिसल्याशिवाय?”

सत्यशीलाचा चेहरा तांबडा झाला. ती आवाज चढवेल असं मला वाटलं. मी असते तर चढवला असता. तिने फोन काढला, टेबलावर ठेवला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. परवानगी विचारली नाही.

“बोला मॅडम!” धोंडिबा म्हणाले. “मशीन झ्याक चाललंय.”

“काका, त्या दिवशी पहाटे साहेबांना काय सांगितलंत?”

“म्हणलं, तुमच्या मॅडम पळत्यात. पार कालव्याच्या कडंनं. मागं कुत्रं लागलंय का काय, म्हणून इचारत हुतो. तर सायबच धापा टाकाय लागलं! मला वाटलं, त्यांच्याबी मागं लागलंय. तेवढ्यात रेंज गेली. का वं? काय झालं?”

“काही नाही. पुढच्या आठवड्यात येते. पहाटे पळणार आहे.”

“पळा की. रस्ता काय आमच्या बापाचा हाय का!”

फोन बंद झाला. साहेब पदकांकडे बघत होते. पळत्यात आणि पळाल्यात. मला राहवलं नाही.

“वर्तमानकाळ होता साहेब,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा दिवाळीचा बोनस तिथेच बुडावा. मग घसा साफ केला. “ठीक आहे. गैरसमज झाला. सोमवारी फिरतीवर तुम्हीच जा. विषय संपला.”

ते उठले. सत्यशीला उठली नाही.

“सासूबाईंना फोन लावा,” ती म्हणाली.

“आता कशाला? मिटलं ना सगळं?”

“इथे मिटलं. गल्लीत नाही मिटलेलं.”

“हवं तर मी आनंदरावांशी बोलतो. व्यवस्थित समजावून सांगतो.”

“आनंदला समजावायची गरज नाही, तो मला ओळखतो. ज्यांना सांगितलंत त्यांनाच सांगा. ज्या फोनवर सांगितलंत त्याच फोनवर. तोवर मी इथून हलत नाही.”

आणि ती खरंच हलली नाही. हात मांडीवर, नजर सरळ. बाहेर ऑफिस सुटायची वेळ झाली होती, पण कुणी सुटत नव्हतं. साई तर काचेला नाक लावायचाच बाकी होता. येरवड्यात या वेळेला बायका उंबऱ्यावर भाजी निवडत बसतात, हे तिला माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि नंबर लावला.

“नमस्कार काकू. मी अनिरुद्ध, सत्यशीलाताईंच्या ऑफिसातून. त्या दिवशी जरा चुकीचं... म्हणजे आपल्या सूनबाई रनिंग करतात.”

“काय करतात?”

“रनिंग, रनिंग!”

“ऐकू येईना. मोठ्यानं बोला.”

“मराठीत सांगा साहेब,” सत्यशीला म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले आणि केबिनची काच हलेल असे ओरडले, “तुमची सून पळते! पळाली नाही, पळते! चूक माझी झाली!”

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मग हिराबाईंचा आवाज आला, अगदी सावकाश, सगळ्या गल्लीला पुरेल असा.

“ते मला ठाऊक आहे. ती पळाली असती, तर मला सांगून पळाली असती.”